आजारी कारखाना आणि कामगाराचे मन

समाजशास्त्राच्या तासाला आमच्या सरांनी एकदा विचारले होते की, कारखाना बंद पडणे आणि 'आज बंद पडेल की उद्या' अशा अवस्थेत तो चालू राहणे, यांपैकी कामगाराला अधिक जाचक काय? वर्गातल्या बहुतेकांनी पहिल्या पर्यायाला हात वर केले. मी गप्प राहिले. उत्तर ठाऊक नव्हते असे नाही. ते उत्तर आमच्या घरातून रोज सकाळी सहा वाजता डबा घेऊन सातपूरला जाते, आणि ते भर वर्गात सांगण्याचा धीर मला झाला नाही. तो प्रश्न तेव्हा तसाच राहिला. या लेखात त्याचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न केला आहे.

माझे वडील सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात तेवीस वर्षे वेल्डर आहेत. तेथे रुग्णालयांना लागणारी सामग्री तयार होते : शस्त्रक्रियेची टेबले, ड्रेसिंगचे ड्रम, सलाईनचे स्टँड आणि मुख्य म्हणजे ऑटोक्लेव्ह. कारखान्याचे नाव मी येथे देत नाही. दिल्याने वडिलांचे भले होणार नाही आणि विषयालाही त्याची आवश्यकता नाही. ज्या वाचकांनी ऑटोक्लेव्ह पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते की, तो म्हणजे एक प्रकारचा मोठा प्रेशर कुकरच होय. त्यात सुमारे पंधरा पौंड दाबाखाली १२१ अंश सेल्सिअसची वाफ पंधरा-वीस मिनिटे कोंडून शस्त्रे व कापड निर्जंतुक करतात. त्याचा जोड कच्चा राहिला तर तो फुटतो, आणि आतली उष्णता पुरी पडली नाही तर तो फुटत नाही, पण शस्त्रांवर जंतू तसेच राहतात. हा दुसरा दोष बाहेरून दिसत नाही. या वस्तू बनविणाऱ्याच्या मनःस्थितीचा विचार करताना ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे.

गेली तीन वर्षे या कारखान्यात पगार वेळेवर झालेला नाही. प्रथम सात तारखेचा पगार पंधराला होऊ लागला, मग पंचवीसला, मग 'अर्धा आता, अर्धा पुढे' असे चालले. भविष्यनिर्वाह निधीची रक्कम पगारातून कापली जाते, पण ती जमा झाल्याचा संदेश फोनवर येत नाही. बाबा रोज रात्री जेवल्यावर फोन उघडून पाहतात आणि उशाशी ठेवतात. मटेरियल नसेल तेव्हा रीतसर ले-ऑफ दिला जात नाही. सुपरवायझर सांगतात, "उद्या रजा टाका." कारण उघड आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याप्रमाणे पन्नास किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात ले-ऑफ दिला तर मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई देणे भाग होते. रजेचा अर्ज कामगाराने स्वतः केला की प्रश्नच मिटला. या रीतीने बाबांची साठलेली रजा गेल्या दिवाळीपर्यंत संपली. आजारपणासाठी राखलेली रजा कारखान्याच्या आजारपणात खर्ची पडली, असे आई म्हणते.

येथे दोन शब्दांतला भेद स्पष्ट केला पाहिजे. वैफल्य आणि अनिश्चितता हे शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो, परंतु ते एक नव्हेत. वैफल्यात ध्येय दिसत असते आणि मधला अडथळाही दिसत असतो. माणूस त्या अडथळ्यावर चिडतो, धडक देतो किंवा मागे फिरतो. अनिश्चिततेत अडथळाच दिसत नाही, म्हणून कोणावर चिडावे तेही कळत नाही. ग्रीनहाल्ग आणि रोझेनब्लाट या अभ्यासकांनी १९८४ साली नोकरीतील असुरक्षिततेची व्याख्या करताना 'असहायता' या घटकावर भर दिला होता. धोका किती मोठा आहे याइतकेच, तो टाळण्यासाठी आपल्या हाती काही आहे की नाही, हेही त्यांनी महत्त्वाचे मानले. आमच्या घरातला अनुभव याला पुष्टी देतो. ज्या महिन्यात 'पगार वीस तारखेला' असे ठामपणे सांगितले गेले त्या महिन्यात बाबा रागावले, पण झोपले. ज्या महिन्यात 'बघू' एवढेच उत्तर मिळाले त्या महिन्यात ते रागावले नाहीत, आणि त्यांना झोपही आली नाही.

बेकारीच्या अभ्यासात ऑस्ट्रियातील मारिएन्थाल या गावाचे नाव हटकून येते. व्हिएन्नाजवळच्या या गावातली कापडगिरणी १९२९-३० च्या सुमारास बंद पडली आणि जवळजवळ सारा गाव बेकार झाला. मारी याहोडा, पाउल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल यांनी तेथे केलेला अभ्यास १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील एक निरीक्षण मला विसरता येत नाही. लोकांजवळ वाचायला वेळच वेळ होता, तरी ग्रंथालयातून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या मात्र घटली. रस्त्यावरून चालणाऱ्या पुरुषांचा वेगदेखील मंदावला होता. ते मध्येच थांबत. पण मारिएन्थालची गिरणी निदान बंद तरी पडली होती. सातपूरच्या आमच्या कारखान्याचा भोंगा अजून वेळेवर वाजतो, कार्ड पंच होते, आणि आत गेल्यावर पुष्कळदा करायला काम नसते. मग माणसे यंत्रे पुसतात. पुसलेली यंत्रे पुन्हा पुसतात. बाबांनी एका आठवड्यात आपल्या टॉर्चचे सगळे सुटे भाग काढून, धुऊन, पुन्हा बसविले होते. बेकाराला निदान दुसरीकडे काम शोधायला मोकळीक असते. येथे माणूस दिवसभर अडकलेला असतो, आणि बेकार आहे असे म्हणताही येत नाही.

आता हा कारखाना आजारी का पडला? याचे उत्तर मालकाच्या स्वभावात शोधण्याचा मोह होतो, आणि कँटीनमध्ये ते तसेच शोधले जाते. ते काही अंशी खरेही असेल. पण अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने एवढ्यावर थांबू नये.

रुग्णसामग्रीचा मोठा ग्राहक सरकारी व निमसरकारी रुग्णालये हा आहे. तेथे निविदा निघतात आणि साधारणतः सर्वांत कमी दराला काम मिळते. माल पोचल्यावर बिल मात्र महिनोन्महिने अडकून पडते. लघुउद्योगांचे पैसे पंचेचाळीस दिवसांत दिले पाहिजेत अशी तरतूद २००६ च्या कायद्यात आहे आणि उशीर झाल्यास व्याजही लागते. मग कारखानदार तक्रार का करीत नाही? कारण पुढची निविदा त्याच रुग्णालयाची असते. येथे मला एक गंमत दिसते, तिला गंमत म्हणायचे तर. मालक ज्या कारणासाठी रुग्णालयापुढे गप्प बसतो, नेमक्या त्याच कारणासाठी माझे वडील मालकापुढे गप्प बसतात. बिल आले नाही की पत्र्याचा व्यापारी उधारी बंद करतो, पत्रा नसला की माल उशिरा जातो, आणि उशिराचा दंड पुन्हा त्याच बिलातून कापला जातो.

दुसरे कारण बाहेरून येणाऱ्या मालाचे. भारताला लागणाऱ्या वैद्यकीय उपकरणांपैकी सत्तर ते ऐंशी टक्के आयात होतात असे सामान्यतः सांगितले जाते. आपल्याकडे बनते ते बहुधा साधे, जड, कमी नफ्याचे. तिसरे कारण नियमांचे. पूर्वी थोडीच उपकरणे कायद्याच्या कक्षेत होती. १ जानेवारी २०१८ पासून वैद्यकीय उपकरण नियम अमलात आले, १ एप्रिल २०२० पासून सर्वच उपकरणे औषधविषयक कायद्याखाली आणली गेली आणि पुढे २०२२ व २०२३ मध्ये टप्प्याटप्प्याने परवाने सक्तीचे झाले. नियम योग्यच आहेत, हे मला ठामपणे म्हणायचे आहे. उपकरणातील एखादी झडप काय करू शकते हे नाशिककरांना सांगावे लागू नये. २१ एप्रिल २०२१ रोजी महापालिकेच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागून पुरवठा खंडित झाला आणि वीसहून अधिक रुग्ण दगावले. त्या दिवशी बाबा दूरदर्शनसंचासमोरून उठले नाहीत. परंतु नियम पाळण्यासाठी लागणाऱ्या चाचण्या, नोंदवह्या आणि शिकलेली माणसे यांचा खर्च मोठ्या कंपनीला जितका सोसतो तितका शंभर माणसांच्या कारखान्याला सोसत नाही. त्यातच करोनाच्या काळात मागणी एकदम वाढली, कारखान्याने कर्ज काढून जागा वाढविली, आणि साथ ओसरल्यावर मागणी गेली, कर्ज मात्र राहिले.

हा प्रश्न केवळ खाजगी आणि लहान कारखान्यांचा आहे असे मात्र कोणी समजू नये. रशियाच्या साहाय्याने मद्रासला उभारलेल्या सरकारी शल्योपकरण कारखान्याची कथा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी वाचण्यासारखी आहे. १९६० च्या दशकात तेथे रशियन पद्धतीची शस्त्रे तयार होऊ लागली. आपल्या शल्यविशारदांचे हात ब्रिटिश घडणीच्या शस्त्रांना सरावलेले होते. त्यांना ही शस्त्रे रुचली नाहीत. कामगारांनी माल चांगला केला की वाईट, हा प्रश्न तेथे उद्भवलाच नाही. मुळात मागणीचा अंदाजच चुकला होता.

आपल्या महाराष्ट्रातले मोठे उदाहरण पिंपरीचे. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने स्थापन झाला. औषधनिर्मितीतला तो देशातला पहिला सार्वजनिक उपक्रम होय. तेथे पेनिसिलीन तर होऊ लागलेच, पण तेथील संशोधकांनी नवी प्रतिजैविकेही शोधली. त्यांपैकी 'हॅमायसिन' या बुरशीनाशक औषधाच्या नावात कारखान्याची आद्याक्षरे गुंफली आहेत. 'ऑरिओफंजिन' हे दुसरे, ते वनस्पतींच्या बुरशीरोगांवर वापरले गेले. औषधाला ज्याच्या कारखान्याचे नाव आहे त्या कामगाराचा अभिमान कसा असेल, याची कल्पना करावी. कारखान्याभोवती वसाहत झाली, शाळा झाली. 'एच.ए.'मध्ये नोकरी लागणे ही त्या काळी सोयरिकीच्या बोलणीत सांगण्याची गोष्ट होती.

१९९१ नंतर आयात खुली झाली आणि बाहेरचे स्वस्त पेनिसिलीन येऊ लागले. इकडे औषधांच्या किमतींवर नियंत्रण होते आणि यंत्रे जुनी होत चालली होती. १९९७ मध्ये कारखाना अधिकृतपणे 'आजारी' ठरला. हा शब्द १९८५ च्या आजारी उद्योगविषयक कायद्यातला. ज्या कारखान्याने दुसऱ्यांच्या आजारावर औषधे केली तोच आजारी ठरावा हा योग विलक्षणच. २००६ मध्ये सरकारी खात्यांनी अशा कारखान्यांकडून काही ठराविक औषधे घ्यावीत असे धोरण ठरले, २००७ मध्ये पुनर्वसनाची योजना आली, पण प्रकृती सुधारली नाही. पगार महिनोन्महिने थकू लागले. २८ डिसेंबर २०१६ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने निर्णय घेतला की, कारखान्याची जादा जमीन विकून देणी भागवावीत आणि नंतर तो विक्रीस काढावा. जमीन तशी विकली गेली नाही. १७ जुलै २०१९ रोजी पुन्हा निर्णय झाला आणि पिंपरीसह अशा सरकारी औषध कारखान्यांतील कर्मचाऱ्यांच्या देण्यांसाठी ३३० कोटी ३५ लाख रुपयांचे साहाय्य मंजूर झाले. त्यातील १५८ कोटी ३५ लाख रुपये केवळ थकलेल्या पगाराचे होते, बाकीचे स्वेच्छानिवृत्तीसाठी. एकूण रकमेपैकी २८० कोटी १५ लाख रुपये एकट्या पिंपरीच्या वाट्याचे.

या दोन निर्णयांमधले अंतर अडीच वर्षांहून अधिक आहे. फायलीच्या दृष्टीने हा काळ मोठा नसेलही. पण या काळात कोणाची मुलगी बारावीतून पदवीपर्यंत आली असेल, कोणाची आई गेली असेल. घराला कर्ज काढावे की नाही, लग्न या वर्षी की पुढच्या वर्षी, या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर त्या दोन तारखांमध्ये अडकून पडले असणार. हे मी अनुमानाने लिहीत नाही. आमच्या घरात माझ्या एम.ए.च्या प्रवेशाचे बोलणे याच कारणाने तीन वेळा सुरू होऊन तीन वेळा थांबले आहे.

मग माणसे सोडून का जात नाहीत? या प्रश्नाचा विचार अल्बर्ट हिर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली एका लहानशा पुस्तकात केला. संस्था ढासळू लागली की तिच्याशी संबंधित माणसापुढे दोन वाटा असतात : निघून जाणे किंवा आवाज उठविणे. यांपैकी कोणती वाट धरायची हे निष्ठा ठरविते, कारण निष्ठा माणसाला थोडा काळ थांबवून धरते. हिर्शमनला हे सुचले ते नायजेरियातील रेल्वेमुळे. मालमोटारींची स्पर्धा असूनही रेल्वे सुधारत नव्हती. जे ग्राहक आरडाओरडा करून तिला सुधारायला लावू शकले असते तेच प्रथम मोटारींकडे गेले होते.

आमच्या कारखान्यात अगदी हेच झाले. सी.एन.सी. यंत्रावर काम करणारी तरुण मुले पहिल्या सहा महिन्यांत अंबडला किंवा सिन्नरला गेली. हिशेबनीस गेले. युनियनच्या बैठकीत मालकाला आकडे विचारणारे एक गृहस्थ होते, तेही गेले. उरले ते पंचेचाळीस-पन्नाशीचे, एकाच हुन्नराचे आणि न बोलणारे. याला निष्ठा म्हणावे काय? बाबांच्या बाबतीत आणखी एक गाठ आहे, ती पुस्तकात मला आढळली नाही. ग्रॅच्युइटी प्रत्येक वर्षाच्या नोकरीमागे पंधरा दिवसांच्या पगाराप्रमाणे मिळते. तेवीस वर्षांची रक्कम आमच्या घराच्या मानाने मोठी आहे. आज राजीनामा दिला तर ती तीस दिवसांत मिळायला हवी, पण तिजोरीत पैसे नाहीत हे सर्वांना ठाऊक आहे. थांबावे तर दरवर्षी येणे वाढते आणि ते मिळण्याची आशा कमी होते. सोडले तर बुडेल ही भीती, न सोडले तरी बुडेल ही भीती. बाहेरून पाहणाऱ्याला या अवस्थेत फक्त 'निष्ठावान जुना कामगार' दिसतो.

हिर्शमननंतरच्या अभ्यासकांनी १९८० च्या दशकात या यादीत चौथी गोष्ट घातली : दुर्लक्ष. माणूस जात नाही, बोलत नाही; हळूहळू कामातून मन काढून घेतो. उशिरा येणे, जोड घाईत मारणे, 'चालतंय' म्हणणे. जेथे खुर्च्या बनतात तेथे अशा दुर्लक्षाने खुर्ची डुगडुगेल. जेथे ऑटोक्लेव्ह बनतात तेथे काय होईल हे मी वर लिहिलेच आहे.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. एका ग्रामीण रुग्णालयासाठी दोन ऑटोक्लेव्ह तयार झाले होते. पाठविण्यापूर्वी भांड्यात पाणी भरून, चालू दाबाच्या दीडपट दाब देऊन जोड तपासतात. त्या चाचणीचा पंप बिघडलेला होता आणि दुरुस्तीला पैसे नव्हते. "जोड तुमचेच आहेत, तुमच्या जोडाला कधी काही झालंय का? सही करा, माल जाऊ द्या," असे बाबांना सांगण्यात आले. बाबांनी सही केली नाही. मला वाटले होते की, सहकाऱ्यांनी त्यांची पाठ थोपटली असेल. प्रत्यक्षात दोघांनी त्यांच्याशी बोलणे सोडले. माल गेला असता तर बिल झाले असते, बिल झाले असते तर कदाचित गणपतीपूर्वी पगार झाला असता. त्यांपैकी एकाच्या मुलाची फी भरायची होती. त्यांच्यावर मी रागावू शकत नाही. शेवटी बाबांनी आणि त्यांच्या हेल्परने वर्गणी काढून पंपाचे सील आणले, ते बसविले आणि तीन दिवस उशिरा चाचणी झाली. एका भांड्याच्या तळाच्या जोडाला बारीक पाझर निघाला. तो जोड बाबांचाच होता.

"तेव्हा हात थरथरत होता का?" असे मी विचारले. "हात नव्हता, ध्यान नव्हतं," ते म्हणाले.

वैफल्याचे मोजमाप करणाऱ्या प्रश्नावल्या मी ग्रंथालयात चाळल्या. 'आपण कामावर समाधानी आहात काय?' अशा प्रश्नांपुढे एक ते पाच आकडे असतात. त्या पाझरासाठी त्यांत जागा नाही. कामगाराचे मन बिघडल्याने उत्पादन किती टक्के घटते हे उद्योगाचे अभ्यासक मोजतात, आणि ते मोजावेही. पण ज्याला अनेक महिने पुरता पगार नाही अशा माणसाने लक्ष देऊन जोड मारावा ही अपेक्षा आपण रुग्ण म्हणून रोज करीत असतो, आणि त्याची किंमत कोण देतो हे विचारीत नाही.

कायद्याने काय साधते तेही थोडक्यात पाहू. १९३६ च्या वेतन कायद्याने हजारांहून कमी कामगार असलेल्या ठिकाणी पगार सात तारखेच्या आत देणे बंधनकारक केले होते, आणि २०१९ च्या वेतन संहितेतही मासिक पगाराला सातच तारीख आहे. तारीख आहे, पगार नाही. औद्योगिक विवाद कायद्यात १९७६ मध्ये अशी दुरुस्ती झाली की, तीनशे किंवा अधिक कामगारांच्या कारखान्याला टाळेबंदी नव्हे, कायमचे बंद करायचे तरी सरकारची परवानगी लागेल. १९८२ च्या दुरुस्तीने ही संख्या शंभरावर आली. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने ती पुन्हा तीनशे केली आणि ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. आमच्या कारखान्यात कायम कामगार एकशे दहा. म्हणजे आधीच्या दिवशीपर्यंत ज्या दाराला सरकारी कुलूप होते ते त्या दिवशी निघाले. त्या परवानगीमुळे आजारी कारखाने बरे होत नसत, नुसते रेंगाळत, हा आक्षेप मला मान्य आहे. पिंपरीची हकीकत तेच सांगते. तथापि रेंगाळण्याला पर्याय म्हणून एका सकाळी फाटकावर चिकटविलेला कागद मिळणार असेल, तर कामगाराने यांतले कोणते पसंत करावे? दिवाळखोरीविषयीच्या २०१६ च्या कायद्यात कामगारांच्या मागील चोवीस महिन्यांच्या येण्याला तारणदार धनकोंच्या बरोबरीचे स्थान दिले आहे, ही त्यातल्या त्यात जमेची बाजू. ही माहिती मी घरी सांगितली तेव्हा बाबांनी कागद मागून ती लिहून घेतली. मला वाटते, तीन वर्षांत कोणी त्यांना एवढी निश्चित गोष्ट सांगितली नव्हती.

सरांच्या प्रश्नाचे उत्तर मी आता देऊ शकते, आणि ते वर्गातल्या बहुमताच्या विरुद्ध आहे. बाबांना मात्र ते पटत नाही. "तुला बंद पडलेला कारखाना ठाऊक नाही," ते म्हणतात. त्यांच्या लहानपणी त्यांचे मामा मुंबईत गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा ते चार दिवसांसाठी म्हणून गावी आले, ते परत कामावर गेलेच नाहीत.

हा लेख लिहून होत असताना कारखान्यात पत्र्याची एक गाडी आली आहे. चार टेबलांपुरता माल आहे असे कळते. या महिन्याचा अर्धा पगार झाला. निधी जमा झाल्याचा संदेश अजून आलेला नाही.